दारावर थांबवलेला निरोप

३ फेब्रुवारी, मंगळवार

वन्सं,

देव तुला सुखात ठेवो.

हाक तीच मारते आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. पहिल्याच दिवशी म्हणालीस, "वहिनी, मला वन्सं म्हणू नकोस गं, नाटकातल्यासारखं वाटतं." म्हणून मुद्दाम म्हणत राहिले. दहा महिन्यांत ही हाक तोंडातून निघाली नव्हती. आत्ता लिहिताना उगाच एकदा मोठ्याने म्हणून पाहिली.

तू माझा फोन उचलत नाहीस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तू नोकरी करतेस त्या हॉटेलचा पत्ता तुझ्या दादांच्या पाकिटात होता. त्यांनी दिला नाही, मीच काढून घेतला. त्यांना सांगितलं आहे, चोरून घेतलेला नाही.

काम असं आहे. काल पोस्टमास्तर आले होते. दोन वर्षांपूर्वी तुझ्याकडे येऊन, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी हॉल धरून गेले होते ते. मी त्यांना विसरले होते, ते काही विसरले नव्हते. तू लिहून दिलेला कागद चार घड्या करून चष्म्याच्या घरात ठेवलेला.

तुझे दादा म्हणाले, "काका, ती आता इथे नसते. बंद आहे आमचं समारंभांचं काम."

"ती नसेल," पोस्टमास्तर म्हणाले, "तिने दिलेला शब्द तर इथेच असेल ना?"

दादा माझ्याकडे बघायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे. आम्ही करू."

ते गेल्यावर तुझ्या दादांची बोलणी खाल्ली. "यादी करणं वेगळं आणि हॉल चालवणं वेगळं. तू आयुष्यात कधी माइक हातात धरलास का?" मी म्हटलं, माइक वन्संनी तरी कुठे धरला, ती तर कायम खांबामागे उभी असायची. तुझा विषय निघाला की ते उठून झाडांना पाणी घालायला जातात. झाडं सडायची वेळ आली आहे.

तर एकवीस मार्च, शनिवार, दुपारी चार. माणसं एकशे वीस. मला त्या कार्यक्रमाची फाइल सापडत नाही. कुठे ठेवली आहेस तेवढं एका ओळीत कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

त्या दिवसाबद्दल मी सारखं सारखं बोलणार नाही. एकदाच पुन्हा लिहिते, म्हणजे मन मोकळं. शेजारच्या नर्सबाईंचा फोन आला तेव्हा आई गेल्या होत्या. दोनला दहा कमी होती. तू धावत गेली असतीस तरी काही झालं नसतं. मग सव्वातीनपर्यंत, शेवटचे पाहुणे गाडीत बसेपर्यंत, मी तुला सांगितलं नाही. तो दोष माझा, तो मी कबूल केला आहे. पण नियम आपल्या कामाचा होता, आणि तो तूच घालून दिला होतास.

आईंचा चष्मा तू मागितला होतास. तो अजून सापडलेला नाही.

तुझी वहिनी

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वन्सं,

तुझं उत्तर नाही. टपाल उशिरा पोचलं असेल असं धरून चालते.

फाइल नसली तरी काम थांबवून चालायचं नाही, म्हणून मी सगळं नव्याने मांडलं. पोस्टमास्तरांच्या घरी जाऊन आले. त्यांची बायको शाळेत गाणं शिकवायची, अजून सगळं गाव त्यांना गाण्याच्या बाई म्हणतं. बाईंनी मला समोर बसवून पाहुण्यांची नावं सांगितली आणि मी लिहून घेतली. तू शिकवलंस तसं प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: चालता येतं का, काय खात नाही, आणि कुणाशी बोलत नाही. तिसऱ्या रकान्याला बाई आधी लाजल्या, मग त्यांची गाडी सुटली. तासभर तोच रकाना चालला होता. पोस्टमास्तर आतून ओरडले, "अगं, पाहुणे बोलावतेस की खटला भरतेस?"

बाईंना एकच हवं आहे. पहिल्या रांगेत, उजवीकडून पहिली खुर्ची, त्यांच्या धाकट्या भावाची. तो तासाभराच्या अंतरावर दुसऱ्या गावी असतो. सत्तर पार केलेला, छातीचं दुखणं, एकटा. येईन म्हणाला आहे. "त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलाय," बाई म्हणाल्या. "तो नसला तर मला केक दिसणारसुद्धा नाही." मी यादीत त्याच्या नावाभोवती चौकट केली.

फुलवाला भेटला. मला बघून म्हणाला, "मालकीणबाई कुठं आहेत? तुम्ही आलात म्हणजे आता फुलं मोजून घेणार." मी म्हटलं, फुलंच नाही, पाकळ्या मोजेन. तर म्हणतो, "त्या असत्या तर चहा तरी पाजला असता." मी पाजला, पण दोघांत एक. तू असतीस तर हसली असतीस.

एक विचारायचं होतं. हॉल उघडून आत गेले की जी भीती वाटते, ती तुलाही वाटायची का? मला वाटायचं तुला कशाचीच भीती नाही. आठ वर्षं मी दाराशी टेबल टाकून बसले. यादी, वही आणि फोनचा डबा सांभाळला. आत काय चाललं आहे ते मला फक्त आवाजावरून कळायचं. टाळ्या कमी पडल्या की समजायचं, कुणाचं तरी भाषण लांबलं. पण आत उभं राहून, सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत, स्वतःचा चेहरा मात्र कोरा ठेवायचा, हे काम मी कधी केलंच नव्हतं. काल रिकाम्या हॉलमध्ये तुझ्या खांबामागे उभी राहून पाहिलं. तिथून दारातलं माझं टेबल बरोबर दिसतं. म्हणजे तुला मी सारखी दिसत होते तर.

डबाही काढला. बिस्किटांचा तोच. यजमानांचे फोन त्यात, तुझाही त्यात, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. घंटी हॉलपर्यंत जाऊ नये म्हणून आत जुना टॉवेल. तुझी कल्पना डब्याची, टॉवेलची माझी. फोन मी घ्यायचा, वहीत वेळ घालून लिहायचा, आणि आत न्यायचा निरोप कोणता ते मी ठरवायचं. मॅट्रिक झालेल्या बाईवर एवढा विश्वास तुझ्याशिवाय कुणी टाकला नसता.

टॉवेल धुवून वाळत घातला आहे.

तुझी वहिनी

८ मार्च, रविवार

वन्सं,

तुझं कार्ड आलं! पोस्टमन दारात असतानाच वाचलं. दोन ओळी वाचायला वेळ तो काय लागणार, पण मी त्या दिवसभर वाचत होते. "फाइल निळ्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात. त्या हॉलमध्ये खांबाच्या मागे पाहुणे बसवू नकोस." ना मायना, ना सही. अक्षर तेच, घाईघाईचं. मी ते देवाजवळ ठेवलं आहे. तुझे दादा संध्याकाळी तिथे दोनदा गेले. देवाला हात जोडायला ते एरवी एकदाही जात नाहीत.

फाइल मिळाली. खांबामागच्या सहा खुर्च्या काढल्या.

आज देवासमोर बसले होते पण चित्त लागेना. तो नियम कसा झाला ते आठवत बसले. तुलाही आठवत असेल. आपलं दुसरं की तिसरं काम. मुलीच्या वाढदिवसाला केटररच्या माणसाच्या हातून केक निसटला आणि तो धावत हॉलमध्येच ओरडत आला, "केक पडला, केक पडला!" ती पोर जी रडायला लागली ती फोटोत पण रडतीच आहे. घरी येऊन तू चप्पल न काढता मला म्हणालीस, "वहिनी, आजपासून वाईट निरोप दारावरच थांबवायचा. कितीही मोठा असो. आतला आनंद आधी पुरा होऊ द्यायचा. बाहेरचं जग तीन तास थांबू शकतं." आई पलंगावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आणि घराला आग लागली तर गं?" तू म्हणालीस, "तरी वहिनी आधी केक कापू देईल." केवढ्या हसल्या होत्या आई. खोकला येईपर्यंत.

मी नियम पाळणारी बाई आहे. लहानपणापासून तशीच. रोज पहाटे उठणं, दिवा, वही. मला कुणी एकदा सांगितलं की मी मोडत नाही. लोक याला गुण म्हणतात.

आईंची खोली मी तशीच ठेवली आहे. पलंग खिडकीशी होता तो दाराकडे तोंड करून केला होता ना शेवटी, तो तसाच आहे.

भावाने बाईंना कळवलं, नक्की येतो. नवा सदरा शिवायला टाकला म्हणे.

तुझी वहिनी

२३ मार्च, सोमवार

वन्सं,

कार्यक्रम झाला. खरं तर अर्धाच झाला. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच लिहिते.

सकाळपासून तू म्हणतेस तसं केलं. सपाट चप्पल, पोटभर खाऊन निघायचं कारण नंतर मिळत नाही, आणि कमरेच्या पिशवीत सुई-दोरा, पिना, बटणं, डोकेदुखीच्या गोळ्या. प्रत्येक खुर्ची हाताने हलवून पाहिली. एकशे वीसमध्ये चार डुगडुगत होत्या. लाइटवाल्याची वायर चिकटपट्टीने जमिनीला चिकटवून घेतली. तो म्हणाला, "ताई, कुणी पडणार नाही." मी म्हटलं, "पडल्यावर सगळे हेच सांगतात." मिनिटांचा कागद खांबावर लावला: चार वाजता स्वागत, चार वीस नातवंडांचं गाणं, चार पन्नासला पोस्टमास्तरांचे दोन शब्द, पाच पाचला केक.

साडेतीनला भावाचा फोन आला, बरं वाटत नाही, येत नाही, तुम्ही करून घ्या. बाई हिरमुसल्या. पण म्हणाल्या, त्याची खुर्ची काढू नका. मी त्यावर फुलांचा एक गुच्छ ठेवला. मग बाईंनी त्यांचा फोन माझ्याकडे दिला. मी तो डब्यात ठेवला. टॉवेलवर.

वन्सं, चारपासून पुढे तासभर मला जे सुख झालं ते कसं सांगू? सगळं आपोआप चाललं होतं आणि ते आपोआप चाललेलं नाही हे फक्त मला माहीत होतं. नातवंडं गायली, एक मधेच विसरला, बाईंनी समोरून ओठ हलवून शब्द पुरवले. मी तुझ्या खांबामागून दाराशी, दारापासून खांबाशी अशी फिरत होते. मनात म्हटलं, हे तू आठ वर्षं केलंस आणि मला एकदाही सांगितलं नाहीस की हे इतकं छान असतं.

चार अठ्ठेचाळीसला डब्यात फोन थरथरला. बाईंचा. भावाच्या शेजाऱ्याचा होता. भाऊ जिना उतरताना कोसळले. दवाखान्यात नेलं आहे, शुद्धीवर आहेत, पण डॉक्टर म्हणतात नातेवाइकांना बोलावून घ्या. आणि ते "अक्का कुठे" म्हणून विचारताहेत.

मी वही उघडली आणि वेळ लिहिली. हाताला सवय आहे.

बाईंचा मुलगा माझ्या मागेच उभा होता, त्याने ऐकलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघा, आत्ता नको. बाबा बोलायला उठताहेत. केक होऊ द्या. वीस मिनिटांनी मी सांगतो. आईने या दिवसाची दोन वर्षं वाट पाहिली आहे."

त्याचं चुकलं नव्हतं. तो आपलाच नियम सांगत होता, वन्सं. शब्द तेवढे वेगळे.

पोस्टमास्तर माइकशी जाऊन उभे राहिले, घसा साफ केला. मी दारापासून निघाले आणि मधल्या वाटेने, सगळ्यांसमोरून, चालत पहिल्या रांगेपर्यंत गेले. एवढी माणसं माझ्याकडे बघताहेत असं पूर्वी एकदाच झालं होतं, माझ्या लग्नात. बाईंच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि सांगितलं. हळू सांगितलं, पण काही गाळलं नाही. बाईंनी एकच विचारलं, "किती वेळ झाला?"

"दोन मिनिटं," मी म्हटलं. "गाडी दारात लावायला सांगितली आहे."

त्या उठल्या. नव्या कपड्यांत, केसांत फुलं तशीच. पोस्टमास्तर माइकवरच म्हणाले, "अगं, कुठे?" आणि ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मग काय, लोक उठले, पोरं रडली, कुणाला वाटलं बाईंनाच काही झालं. केटररने चहा आणला तो तसाच परत नेला. मुलगा माझ्यावर ओरडला, सगळ्यांदेखत. "तुम्हाला कार्यक्रम करायला बोलावलं होतं की मोडायला?" मी ऐकून घेतलं. खुर्च्या रचताना लाइटवाला नुसता म्हणाला, "ताई, आता तुम्हाला काम मिळणं अवघड." त्यात टोमणा नव्हता, काळजी होती.

काल दुपारी बाईंचा फोन आणि राहिलेला केक घेऊन त्यांच्या घरी गेले. दारातून परत यायची तयारी ठेवली होती. बाई स्वतःच आल्या. भाऊ काल सकाळी गेले. बाई रात्रभर त्यांच्याजवळ होत्या. पोचल्या तेव्हा भावाने डोळे उघडले, त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "अक्का, एवढी नटून कुठे निघालीस?" हे सांगताना बाई हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही उशीर केला नाहीत हो."

मी तिथे थांबू शकले नाही. पाणीसुद्धा न पिता निघाले. त्यांना वाटलं असेल मी रागावले.

तुझी वहिनी

२ एप्रिल, गुरुवार

वन्सं,

तुझं पत्र काल आलं. दोन पानी. "दादाने फोनवर सांगितलं. वहिनी, तू जे केलंस ते मला जमलं नसतं. नियम मी केला होता, तुझ्यावर खापर फोडून मी निघून गेले. अठराला सकाळच्या बसने येते. आठवडाभर राहीन. पुढच्या कामाचं बोलू." तुझे दादा पत्र वाचून बाहेर गेले ते बाजारात जाऊन तुझ्या खोलीसाठी नवा पडदा घेऊन आले. मला न विचारता. घासाघीस न करता.

मी पत्र देवाजवळ ठेवायला गेले आणि तिथून मला उठता येईना. तू मला माफ केलंस ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ती गोष्ट खोटी आहे.

खरं असं आहे.

नर्सबाईंचा फोन दोनला दहा कमी असताना आला हे खरं, पण तो शेवटचा. पहिला अकरा वाजून दहा मिनिटांनी आला होता. तेव्हा आई जिवंत होत्या.

ते लग्नाचं स्वागत होतं, चारशे माणसांचं, आपलं सगळ्यात मोठं काम. तुझा फोन डब्यात थरथरला. नर्सबाई म्हणाल्या, आईंना घाम फुटला आहे, श्वास लागला आहे, डॉक्टर येऊन गेले, हलवण्यासारखी स्थिती नाही म्हणाले, मुलीला पाठवून द्या, त्या तिला बोलावताहेत. तुझे दादा कामासाठी परगावी होते, ते दुसऱ्या दिवशी पोचणार. हॉलपासून घर पस्तीस मिनिटांवर. तू पावणेबाराला आईंजवळ असतीस. त्या एक चाळीसला गेल्या. जवळजवळ दोन तास तुझे होते. ते मी डब्यात ठेवले.

दहा महिने मी स्वतःला सांगत आले की आधीही दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा आई संध्याकाळपर्यंत उठून बसल्या होत्या. हे खरं आहे. चारशे माणसांचा विचार केला, हेही खरं आहे. नियम होता, हे तर तुला पत्रातूनही ऐकवलं. पण तेवढंच नाही, आणि उरलेलं मी देवासमोरसुद्धा नीट म्हटलेलं नाही.

नर्सबाई म्हणाल्या, "मुलीला बोलावताहेत." मी विचारलं, "मला नाही?" त्या म्हणाल्या, "नाही हो, मुलीचंच नाव घेताहेत."

वन्सं, नऊ वर्षं त्यांना आंघोळ मी घातली. औषधं मी दिली, रात्री कण्हल्या की मी उठले. तू कामावरून येऊन त्यांच्या गालाचा पापा घेतलास की त्यांचा दिवस सोन्याचा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगायची. त्या वेळी वाटलं. राग आला. असेल पाव मिनिट, पण फोन टॉवेलखाली सरकवायला तेवढा पुरला. त्याच दिवशी सकाळी नवऱ्या मुलाच्या बापाने मला पहिल्यांदा "मॅडम" म्हटलं होतं. तेही डोक्यात होतं.

मी नर्सबाईंना सांगितलं, "ती निघाली आहे, वाटेत आहे."

मग देवाला म्हटलं, तीन वाजेपर्यंत सांभाळ, तीननंतर आम्ही आहोतच. जन्मभर त्याच्यापुढे बसले आणि त्या दिवशी त्यालाच मिनिटांचा कागद लिहून दिला.

फोन आणखी चार वेळा थरथरला. मी उचलला नाही. एक पन्नासचा उचलला, कारण तोवर काय झालं असेल ते मी ओळखलं होतं. नंतर तुझ्या फोनमधून ते आकडे पुसले. नर्सबाईंना म्हटलं, ती वाटेत अडकली, पोचली नाही, तिच्यासमोर हा विषय काढू नका, तिला सोसणार नाही. चांगल्या बाई, त्यांनी काढला नाही. वहीत अकरा दहा लिहिलं होतं. माझ्या कोणत्याही वहीत खाडाखोड नसते, तुला माहीत आहे. तिथे ब्लेडने खरवडून एक पन्नास केलं. कागद तिथे इतका पातळ झाला आहे की उजेडात धरला तर पलीकडचं दिसतं.

तुझ्या दादांना आज सकाळी सांगितलं. ते झाडांकडे गेले नाहीत. समोर बसून राहिले. म्हणाले, "तिला ती यायच्या आधी सांग. आल्यावर नको." मीही तेच ठरवलं होतं. तू घरी आल्यावर, चहा झाल्यावर, जरा हसणं-बोलणं झाल्यावर सांगावं, असं मनात आलं नाही असं नाही. म्हणजे पुन्हा आतला आनंद आधी पुरा होऊ द्यायचा.

अठराला मी बसस्टँडवर येईन. तू बसमधून उतरली नाहीस तर मला समजेल आणि मी घरी येऊन पडदा काढून ठेवीन. उतरलीस आणि माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पिशवी उचलू दे, तेवढं पुरे. कामाचं म्हणशील तर डबा आहे, टॉवेल मी काढून टाकला. त्याची फरशी पुसायची फडकी केली.

वहीतलं ते पान फाडून सोबत ठेवते आहे. आणि चष्मा. तो हरवला नव्हता. मी घरी पोचले तेव्हा आईंच्या डोळ्यांवर होता, तू आत यायच्या आधी मीच काढून घेतला. तू मागितलास तेव्हा दिला असता तर तू विचारलं असतंस, तो कुठे होता, आणि अंथरुणात पडलेल्या आईंनी तो कशाला घातला होता. नर्सबाईंनी मला सांगितलं होतं. ती वाटेत आहे असं त्यांनी आईंना सांगितल्यावर आईंनी उशीखाली हात घातला, चष्मा चाचपडून काढला आणि म्हणाल्या, "घाला जरा, मला दार नीट दिसत नाही."

डाव्या काचेवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे. मी तो पुसलेला नाही.

वहिनी